लघुपटाचे शेवटचे मिनिट

१

डिसेंबर २०१७ मधली गोष्ट. पनवेल परिसरातल्या एका महाविद्यालयाने लघुपट महोत्सव भरवला होता आणि परीक्षकांपैकी एक म्हणून मला बोलावले होते. माझ्याकडे चित्रपटविद्येची कोणतीही पदवी नाही. रसायनीच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षे नोकरी केली आणि पाळ्या सांभाळून, रजा साठवून मुंबई-पुण्याचे महोत्सव पाहिले. पाहिलेल्या प्रत्येक लघुपटाची वहीत नोंद करायची, एवढाच माझा अभ्यास. त्या वह्या आज चौदा झाल्या आहेत. त्या कुणाच्या तरी पाहण्यात आल्या, म्हणून हे बोलावणे.

एका दिवसात सव्वीस लघुपट पाहायचे होते. गुणपत्रिकेवर पाच रकाने होते: विषय, दिग्दर्शन, अभिनय, तांत्रिक बाजू आणि संदेश. प्रत्येकाला वीस गुण. संध्याकाळी साडेसहाला निकाल जाहीर करायचा, कारण सातला सभागृह रिकामे करून द्यायचे होते.

पहिले बक्षीस आम्ही एकमताने दिले. सहा मिनिटांचा लघुपट होता. परगावी नोकरी करणारी एक मुलगी पूर्ण वेळ आईशी फोनवर बोलते: जेवण, औषधे, दिवाळीला घरी येणे. शेवटच्या दृश्यात कॅमेरा मागे सरकतो आणि भिंतीवरचा आईचा हार घातलेला फोटो दिसतो. फोन बंदच असतो. सभागृहात क्षणभर शांतता आणि मग टाळ्या. मी चौऱ्याऐंशी गुण दिले होते.

दुपारच्या जेवणानंतर लगेच दाखवलेला एक लघुपट अकरा मिनिटांचा होता. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावे उठली, त्यांतल्या एका गावच्या मुलाने तो मोबाइलवर चित्रित केला होता. दोन माणसे जुन्या घराच्या दाराची चौकट भिंतीतून सोडवतात. मागे उलव्याचा डोंगर, त्यावर डंपरची ये-जा. चौकट सुटते, तिला पुसतात, मोजतात, टेम्पोत चढवतात. संपले. मी एक्केचाळीस गुण दिले आणि शेऱ्यात लिहिले, ‘काही घडत नाही. शेवट नाही.’

हा लेख त्या एक्केचाळीस गुणांविषयी आहे. माझी चूक कबूल करणे हा त्याचा एक भाग. पण ती चूक माझ्या एकट्याची नव्हती, असे मला वह्या पुन्हा चाळताना दिसले. स्वतंत्रपणे केलेले लघुपट ज्या ठिकाणी दाखवले जातात, त्या ठिकाणांनी त्यांच्या रचनेवर काय परिणाम केला, आणि जे मराठी लघुपट या परिणामातून सुटले ते कशामुळे सुटले, हे मला इथे मांडायचे आहे.

२

आपल्याकडे सिनेमा जन्माला आला तोच लघुपट म्हणून. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रण केले. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाच्या स्वागताचेही त्यांनी चित्रण केले. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचे रोप होईपर्यंत रोज थोडे थोडे चित्रण करून त्याच्या वाढीचा एक छोटा चित्रपट तयार केला. भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी तो दाखवला. दाणा पेरला की त्याचे रोप होते, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. शेवट माहीत असूनही लोक चकित झाले. हा दाखला वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि त्याचे माहितीपट व समाचारचित्रे मुख्य चित्रपटाआधी दाखवणे चित्रपटगृहांना सक्तीचे झाले. माझ्या पिढीने लघुपट पाहिला तो असा, जागा शोधता शोधता आणि शेंगदाणे सोलता सोलता. त्या सक्तीला आपण हसलो. पण पूरग्रस्त भागावरचा किंवा एखाद्या विणकरावरचा दहा मिनिटांचा तुकडा तालुक्याच्या टॉकीजपर्यंत पोहोचत होता, हेही खरे. त्या छत्राखाली सुखदेव, एस. एन. एस. शास्त्री, प्रमोद पती यांच्यासारख्यांनी सरकारी चौकटीत राहून सरकारी न वाटणारे काम केले.

१९९० मध्ये माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनपटांसाठी मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. दर दोन वर्षांनी तिथे जायचे, हा माझा नेम झाला. १९९८ मध्ये हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली आणि तो नेम सोपा झाला. २००४ च्या महोत्सवाच्या वेळी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यावरून वाद पेटला. अट मागे घेतली गेली, पण नंतर निवडीत अनेक महत्त्वाचे माहितीपट वगळले गेले, आणि चित्रपटकारांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाने समांतर महोत्सव भरवला. मुख्य महोत्सवाला प्रशस्त पडदा होता, तर ‘विकल्प’ला सतरंजीवरची गर्दी आणि प्रत्येक प्रदर्शनानंतरचे भांडण. तिथे एक गोष्ट ठळक झाली. ‘स्वतंत्र’ हा शब्द आपण पैशांपुरता वापरतो. पण लघुपटाला निर्मात्यापासून स्वातंत्र्य मिळाले, तरी तो जिथे दाखवला जातो त्या जागेपासून मिळतेच असे नाही.

आता चित्र पालटले आहे. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. टॉकीजमधली सक्ती इतिहासजमा झाली आणि २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. लघुपटाला तिकीट नाही, वितरक नाही. त्याच्या वाट्याला दोनच जागा उरल्या: मोबाइलचा पडदा आणि महोत्सवाची स्पर्धा. मोबाइलवर पहिल्या दहा सेकंदांत प्रेक्षक धरावा लागतो. स्पर्धेत शेवटच्या दहा सेकंदांत परीक्षक धरावा लागतो.

३

परीक्षक शेवटालाच का भुलतो? यामागे साधा हिशेब आहे. दिवसाला वीस-पंचवीस लघुपट पाहायचे असतात. एक संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या दीड-दोन मिनिटांत गुण भरायचे असतात. त्या क्षणी डोळ्यांपुढे शेवटचेच दृश्य असते. जो लघुपट शेवटी हादरवतो, त्याला ‘परिणामकारक’ म्हटले जाते आणि परिणामाचे गुण पाचही रकान्यांत पाझरतात.

मराठी लघुपटाच्या बाबतीत आणखी एक कारण मला दिसते, आणि ते आपल्या घरातले आहे. आपल्याकडे लघुपट करणारी बरीच मुले एकांकिका स्पर्धांतून आलेली असतात. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक आहे, आमच्या पनवेलला अटल करंडक आहे, गावोगावी आणखी कितीतरी. या स्पर्धांनी मराठी रंगभूमीला आणि पडद्याला नट, लेखक, दिग्दर्शक दिले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण एकांकिकेचा श्वास वेगळा असतो. नट समोर असतो, प्रेक्षागृह एका दमात त्याच्याबरोबर चढत जाते, आणि अंधार होण्याआधीचे वाक्य टाळी घेते. रंगमंचावर तो शेवट जिवंत असतो, कारण दुसऱ्या दिवशीचा प्रयोग वेगळा होतो. चित्रपटाचा प्रयोग बदलत नाही. त्यातला धक्का पहिल्यांदा बसतो आणि तिथेच खर्च होतो.

माझ्या वह्यांत ‘शेवटी कळते की’ हे शब्द फार वेळा आलेले आहेत. शेवटी कळते की मुलगा मेलेला आहे. शेवटी कळते की भिकारी त्या घराचा मालक होता. शेवटी कळते की सगळे स्वप्न होते. यातला एकही लघुपट मला दुसऱ्यांदा पाहावासा वाटलेला नाही. पहिली दहा मिनिटे ही शेवटच्या मिनिटापर्यंत नेणारी शिडी असते. माथ्यावर पोहोचल्यावर शिडीकडे कोण पाहतो?

४

याउलट जे मराठी लघुपट मी तीन-तीन, चार-चार वेळा पाहिले, त्यांच्यात एक साम्य आढळले. त्यांच्या मध्यभागी बहुधा एक वस्तू किंवा अगदी साधी गरज असते. ती पहिल्या काही मिनिटांतच समोर येते, शेवटपर्यंत हलत नाही, आणि तिच्याभोवतीची माणसे हळूहळू उघडी पडतात.

उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’ घ्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ करणाऱ्या दिग्दर्शकाची नजर इथेच ओळखू येते. घर चालवण्यासाठी आई पिठाची गिरणी आणते. मुलाला आधी तिचे अप्रूप, मग ओझे. गिरणीचा आवाज घरात शिरतो आणि मुलाचे खेळणे, मुलाची झोप हळूहळू गिळत जातो. गिरणी वाईट नाही, आई वाईट नाही, गरज खोटी नाही. तरीही एक बालपण दळले जाते. दुसऱ्यांदा पाहताना मी आईकडे पाहत होतो. पहिल्या वेळी ती मला मुलाच्या वाटेतला अडथळा वाटली होती. दुसऱ्या वेळी तिचे थकलेले खांदे दिसले.

नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ २००९ चा. नगरला शिकत असतानाचे हे काम. त्याला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यातल्या सूरज पवारचीही दखल घेतली गेली. पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मध्ये तो सर्वांना दिसला. इथे मुलापुढे शाळा आहे आणि पाठीशी पोटासाठी चोरी करण्याची सवय. शाळा हीच इथली वस्तू, हाताला न लागणारी. ‘शिक्षण घ्या’ असा फलक हा लघुपट कुठेच लावत नाही. मुलगा शाळेकडे पाहतो आणि आपण त्याच्या पाहण्याकडे पाहत राहतो.

मंजुळे यांचाच ‘पावसाचा निबंध’. त्याला ६५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनाचा आणि ध्वनीचा पुरस्कार मिळाला. शाळेत पावसावर निबंध लिहायला सांगितले आहे. निबंधातला पाऊस कसा असावा, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे: हिरवे गालिचे, मोर, आनंद. या मुलाच्या घरी पाऊस छपरातून येतो, आणि दारू प्यालेला बाप पावसात पडलेला असतो. ध्वनीचा पुरस्कार इथे महत्त्वाचा. पाऊस पार्श्वसंगीतासारखा मागे वाजत नाही, तो माणसांच्या बोलण्यावर चालून येतो. आपल्या भाषेच्या शाळकरी सौंदर्यदृष्टीवर याहून नेमकी टीका मी समीक्षेच्या पुस्तकांतही फारशी वाचलेली नाही.

राज प्रीतम मोरे दिग्दर्शित ‘खिसा’मध्ये कैलास वाघमारे यांच्या लेखणीतून एक शाळकरी मुलगा आपल्या सदऱ्याला इतरांपेक्षा मोठा खिसा शिवून घेतो. त्याचा सगळा खजिना त्यात मावतो. एवढ्याशा कापडाने गावातली मोठी माणसे अस्वस्थ होतात. ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो पदार्पणाचा लघुपट ठरला. गोव्याच्या आदित्य जांभळे यांच्या ‘खरवस’ला ६६ व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कथालघुपटाचा मान मिळाला. व्यालेल्या गाईचा चीक आणि मूल गमावलेली आई, यांना एकाच नावाखाली आणण्याचे धाडस त्यात आहे. शेखर बापू रणखांबे यांच्या ‘रेखा’मध्ये तर वस्तू म्हणावी असेही काही नाही, फक्त पाणी आणि अंघोळ. रस्त्यावर राहणाऱ्या बाईला त्वचेचा आजार झाला आहे. डॉक्टर सांगतात, अंघोळ करून औषध लाव. नवरा अंघोळ करू देत नाही. मळ हे रस्त्यावरच्या बाईचे चिलखत असू शकते, हे लक्षात आल्यावर साबणाची वडी पूर्वीसारखी दिसत नाही.

या सगळ्यांत ‘शेवटी कळते’ असे फार थोडे आहे. प्रश्न काय, हे लवकरच कळलेले असते. फाळक्यांच्या वाटाण्यासारखे. पाहणाऱ्याला खिळवून ठेवते ती वाढ.

५

माझ्याच म्हणण्यावर दोन आक्षेप मी घेतो.

पहिला असा, की संदेशाला मी उगाच झोडपतो आहे. १९७४ सालचा, विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा तर संदेशासाठीच केलेला अॅनिमेशनपट. दूरदर्शनवर तो पाहत एक पिढी मोठी झाली. मग तो का टिकला? माझे उत्तर असे: त्यात जाळ्यासकट उडणारे पक्षी आहेत. संदेश विसरला तरी ते उडणे आठवते. संदेश असणे हा दोष नाही. संदेशाला वेगळा रकाना आणि वीस गुण असणे हा दोष आहे. कारण मग मुले गोष्ट करतात ऐंशी गुणांची आणि उरलेल्या वीस गुणांसाठी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सुविचार चिकटवतात.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. धक्क्याचा जसा साचा झाला, तसा वस्तूचाही होऊ लागला आहे. गावाकडचा एक मुलगा, त्याला हवी असलेली एक वस्तू, लांबवर पसरलेले माळरान आणि थोडके संवाद. असे लघुपट हल्ली महोत्सवांच्या निवड समित्या डोळ्यांपुढे ठेवून केलेले वाटतात. वरच्या यादीतही मुले किती आहेत, पाहा. मोठ्या महोत्सवांचा आवडता साचा म्हणून गरिबी सुबक होऊ लागली, तर तोही एक धक्काच, फक्त हळू आवाजातला. शिवाय पनवेलसारखी, धड गाव नाही आणि धड शहर नाही अशी ठिकाणे या सुबकपणात बसत नाहीत. शेताच्या बांधाला लागून बावीस मजली इमारत, पलीकडे खाडीचा भराव, मोबदल्याच्या पैशांतून आलेली गाडी आणि तिच्या मागे उभे अर्धवट बांधकाम: या देखाव्याला करुण म्हणावे की हास्यास्पद, हे अजून ठरलेले नाही. म्हणूनच तो पाहायला हवा.

तेव्हा वस्तू असणे हीही कसोटी नव्हे. माझी कसोटी एकच उरली आहे: लघुपट दुसऱ्यांदा पाहता येतो का? पाहिला तर पहिल्या वेळी न दिसलेले काही दिसते का? ‘गिरणी’तली आई मला अशीच दिसली होती. फोनवर बोलणाऱ्या मुलीचा तो लघुपट नंतर मी इंटरनेटवर पुन्हा पाहिला. त्यात नवे काही दिसले नाही. करणाऱ्या मुलीत गुण होते, ते तिने त्या शेवटासाठी खर्ची घातले होते. तसे करायला आम्हीच, आमच्या गुणपत्रिकेने, तिला शिकवले होते.

६

पण ही कसोटी लावायची तर लघुपट दुसऱ्यांदा मिळायला हवा. सावे दादांची कुस्ती आज कुणालाही पाहता येत नाही. त्यांची चित्रणे नष्ट झाली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ मध्ये, तोवर मूकपटांचा बहुतेक ठेवा हातचा गेला होता. सेल्युलॉइड नाशवंत होते म्हणून गेला, असे आपण म्हणतो. मोबाइलवर केलेल्या लघुपटाचे आयुष्य त्याहूनही कमी असते, हे मला २०२२ मध्ये कळले.

त्या वर्षी मी चौकटीचा लघुपट पुन्हा पाहायचे ठरवले. महाविद्यालयात चौकशी केली. प्रवेशिकांच्या डीव्हीडी कार्यालय हलवताना गेल्या होत्या. दिग्दर्शक मुलगा बऱ्याच शोधानंतर भेटला, करंजाडेला. आता तो एका गोदामात हिशेब पाहतो. मोबाइल बिघडला, संगणकाची डिस्क गेली, पेनड्राइव्ह कुणाला तरी दिला होता तो परत आला नाही. त्याच्याकडेही प्रत नव्हती. मी गुणांविषयी ओशाळून बोलू लागलो तर म्हणाला, “सर, तुम्ही तरी शेरा लिहिलात. बाकीच्यांनी नुसते आकडे दिले होते.” त्यानंतर त्याने दुसरा लघुपट केलेला नाही. कारण मी विचारले नाही. विचारायचा अधिकार मला होता असे वाटले नाही.

माझ्याकडे वही होती. त्या लघुपटाविषयी नऊ ओळी. त्यांतली सातवी ओळ मी त्याला वाचून दाखवली: ‘चौकट दोनदा मोजतात. कशासाठी?’ तो थोडा वेळ गप्प राहिला. मग सांगितले, की नव्या घराच्या भिंतीत दारासाठी सोडलेली जागा जुन्या चौकटीपेक्षा अरुंद होती. चौकट आजोबांनी करून घेतलेली, सागवानाची. ती बसणार नाही, हे वडिलांना आधीपासून माहीत होते. पहिल्यांदा मोजले ते काकांना दाखवायला. दुसऱ्यांदा मोजले, तेव्हा टेप धरून ते नुसतेच उभे राहिले. “मी कॅमेरा तेव्हा हलवला नाही, सर. तेवढेच मी दिग्दर्शन केले.”

म्हणजे सगळा लघुपट त्या दुसऱ्या मोजण्यात होता. मी ते पाहिले होते, टिपलेही होते, आणि तरी ‘काही घडत नाही’ असे लिहून मोकळा झालो होतो.

डोंगर सपाट झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटनही झाले. घराच्या आत उभे राहून, दाराच्या रिकाम्या भोकातून दिसणारा तो डोंगर कुणी टिपला होता, याचा पुरावा आता माझ्या नऊ ओळींखेरीज मला तरी माहीत नाही.

यावर मोठे उपाय सुचवण्याची माझी पात्रता नाही. छोटे दोन सुचवतो. आपल्या प्रत्येक तालुक्यात जुनी वाचनालये आहेत. गावात लघुपट महोत्सव भरला, की त्यातल्या सर्व प्रवेशिकांची, बक्षीस मिळालेल्या आणि न मिळालेल्याही, एक प्रत वाचनालयात आणि एक आयोजकांकडे ठेवावी. दोन हार्ड डिस्कचा खर्च स्मृतिचिन्हांच्या खर्चाहून कमी येतो. दुसरे, परीक्षकांनी अंतिम फेरीतले लघुपट निकालाआधी पुन्हा पाहावेत, दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोळ्यांनी. २०२२ नंतर मला तीन ठिकाणी परीक्षक म्हणून बोलावणे आले. मी ही अट घातली. दोन ठिकाणी ‘सभागृह एकच दिवस मिळाले आहे’ असे उत्तर आले. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी मानले. सकाळी नऊला सहा लघुपट पुन्हा लावले, आणि आदल्या संध्याकाळचा आमचा क्रम बदलला.

चौदाव्या वहीत मी आता प्रत्येक नोंदीपुढे दोन तारखांची जागा सोडतो. दुसरी जागा बहुतेक वेळा रिकामीच राहते.